डेटा केबल आगीत किती मिनिटे टिकणार, हे टेंडरमध्ये लिहा

बेळगाव शहरात, आणि त्याच्या पाठोपाठ निपाणी, चिकोडी, खानापुरातही, चार-पाच मजली रुग्णालये, मंगल कार्यालये, शोरूम आणि क्लासेस उभे राहत आहेत. यांतल्या बहुतेक इमारतींत फॉल्स सीलिंगच्या वर केबलचा जाड जुडगा पडलेला असतो. त्यात सीसीटीव्ही, लॅन (इमारतीतले संगणक नेटवर्क), आगीची घंटा, घोषणेचे स्पीकर, नर्स-कॉल, लिफ्टमधला फोन असे सगळे एकत्र असते. खरेदीच्या कागदात आगीबद्दल बहुधा एकच ओळ सापडते: ‘केबल एफआर किंवा एफआरएलएस असावी.’ एफआर म्हणजे आग पुढे न नेणारी, एफआरएलएस म्हणजे शिवाय कमी धूर सोडणारी. ही ओळ अपुरी आहे, आणि ती पुरेशी मानून इमारती वापरात येतात हे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक डेटा केबलने आगीत किती मिनिटे काम करत राहायचे, तो आकडा टेंडरमध्ये हवा. आणि तो आकडा केबलपुरता न ठेवता तिच्या अख्ख्या वाटेला लागू व्हायला हवा.

आगीच्या संदर्भात केबलच्या तीन वेगवेगळ्या परीक्षा असतात आणि एकीत पास झालेली केबल दुसरीत पास होईलच असे नाही. पहिली परीक्षा ज्वाला पसरण्याची. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३३२-१ या मानकामध्ये एकटी केबल उभी टांगून तिला बर्नर लावतात, ६०३३२-३ मध्ये केबलचा गठ्ठा शिडीवर बांधून जाळतात आणि आग किती वर चढते ते मोजतात. दुसरी परीक्षा धूर आणि आम्लवायूची. आपल्याकडे एफआरएलएस म्हणून विकल्या जाणाऱ्या पीव्हीसी केबलला साधारणपणे ऑक्सिजन इंडेक्स (जळत राहायला लागणारा ऑक्सिजन, टक्क्यांत) किमान २९, धुरातून प्रकाश किमान ४० टक्के पार जावा आणि हायड्रोजन क्लोराइड वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त निघू नये, अशी अट असते. हा २० टक्क्यांचा आकडा नीट पाहा. शंभर किलो केबलच्या पीव्हीसीतून वीस किलोपर्यंत आम्लवायू निघाला तरी ती केबल अटीत बसते. तो वायू घशातल्या आणि डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल होते. सर्व्हरच्या बोर्डांवर बसला तर आग न लागलेल्या मजल्यावरची यंत्रेही काही दिवसांत गंजतात. हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनसारखे घटक नसलेल्या, केबलला हीच मर्यादा अर्धा टक्का आहे.

तिसरी परीक्षा टिकण्याची, म्हणजे आगीत असतानाही काम चालू ठेवण्याची. आयईसी ६०३३१ मालिकेत डेटा केबलसाठी भाग २३ आणि ऑप्टिकल फायबरसाठी, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणाऱ्या काचेच्या तंतूसाठी, भाग २५ आहे. केबल ९० मिनिटे ७५० अंश सेल्सिअसच्या ज्वालेवर ठेवतात आणि पुढे १५ मिनिटे थंड होऊ देतात. युरोपातल्या ईएन ५०२०० या मानकामध्ये ८४२ अंशांची ज्वाला असते आणि दर पाच मिनिटांनी लोखंडी दांड्याचा धक्का देतात. तिच्यात टिकलेल्या मिनिटांवरून पीएच ३०, पीएच ६०, पीएच १२० असे दर्जे ठरतात. एफआरएलएस केबलला ही तिसरी परीक्षा द्यावीच लागत नाही. दिली तर काही मिनिटांत पीव्हीसी मऊ होऊन वितळते, आतल्या तांब्याच्या तारा एकमेकींना टेकतात आणि ओळ, म्हणजे ती लाइन, बंद पडते. केबलने आग पुढे नेली नाही, आपले काम चोख केले, पण चौथ्या मजल्यावरचा स्पीकर मुका झाला.

२३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये इलेक्ट्रिक डक्टमधून आग आणि धूर वर चढला. नऊ माणसे गेली, आणि त्यांतल्या काहींनी खिडकीतून उड्या घेतल्या होत्या. आपल्याच राज्यातली ही घटना शाफ्टबद्दल जे शिकवते ते पुरेसे आहे: ज्या उभ्या पोकळीतून केबल जातात तीच धुराची चिमणी होते. म्हणजे केबल नेमकी सर्वांत तापणाऱ्या जागेत बसवलेली असते.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सायरन वाजला की माणूस घाबरतो, पण कुठल्या जिन्याने उतरायचे हे त्याला कळत नाही. ते घोषणेतून सांगावे लागते. बेळगावच्या रुग्णालयांत खानापूर, चंदगड, आजरा, सावंतवाडीकडचे मराठी रुग्ण येतात, गोकाक-बैलहोंगलचे कन्नड रुग्ण येतात, गोव्यातले कोकणी बोलणारे येतात. घोषणा कन्नड आणि मराठी दोन्हींत रेकॉर्ड केलेली असायला हवी, आणि ती धूर भरलेल्या मजल्यापर्यंत पोचायला हवी. पहिल्या अटीवर इथे मतभेद होतात, दुसरीची चर्चासुद्धा होत नाही.

आता डेटा केबल आगीत टिकवणे विजेच्या केबलपेक्षा अवघड का, ते पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या विजेच्या तारेवर काचेच्या कापडाला चिकटवलेल्या अभ्रकाची पट्टी एकावर एक चढवून दोन थरांत गुंडाळतात. वरचे प्लास्टिक जळून गेले तरी अभ्रक उरतो आणि तारा अलग राहतात. फ्लोगोपाइट जातीचा अभ्रक मस्कोव्हाइटपेक्षा जास्त तापमान सोसतो, म्हणून चांगला कारखाना तोच वापरतो. दुसरी रीत सिरॅमिक होणाऱ्या सिलिकॉन रबरची. आगीत त्याचा कडक पांढरा कवच बनतो आणि तो तारेला धरून राहतो.

कॅट-६ केबलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या चार जोड्यांच्या, आठ तारांच्या केबलमध्ये, मात्र तार जेमतेम ०.५७ मिलिमीटरची असते आणि पॉलिथिलीनसह तिचा व्यास सुमारे एक मिलिमीटर भरतो. या केबलचा जीव तिच्या १०० ओहमच्या इम्पीडन्समध्ये (सिग्नलला होणाऱ्या विरोधात) आहे आणि तो तारांमधले अंतर व मधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवू देण्याचे प्रमाण) यांवर ठरतो. पॉलिथिलीनचा स्थिरांक २.३ च्या आसपास, अभ्रकाचा त्याच्या दुपटीहून जास्त. अभ्रक घातला की कपॅसिटन्स (तारांमध्ये भार साठणे) वाढतो, इम्पीडन्स घसरतो. तो परत १०० वर आणायचा तर इन्सुलेशन जाड करावे लागते आणि मग ती तार नेटवर्क केबलच्या टोकाच्या आरजे-४५ प्लगात शिरत नाही. शिवाय इतक्या बारीक तारेवर पट्टी गुंडाळताना अभ्रकाचे पापुद्रे तुटतात. काही उत्पादक प्रत्येक तारेऐवजी फक्त जोडीवर किंवा पूर्ण केबलवर अभ्रक गुंडाळतात. त्याने ज्वाला अडते, पण आतले पॉलिथिलीन ११० ते १३० अंशांनाच वितळते आणि जोडीतल्या दोन तारा चिकटतात. प्रत्येक तारेभोवती न जळणारा थर आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला पहिला विचारावा आणि नमुना सोलून तो डोळ्यांनी पाहावा.

शील्डकडेही, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाकडेही, लक्ष हवे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ७५० अंशांत ॲल्युमिनियमच्या फॉइलचे थेंब होऊन आतल्या तारांवर सांडतात, त्यामुळे फॉइल आणि तारा यांच्यामध्ये अभ्रकाचा थर हवा किंवा शील्ड तांब्याच्या जाळीचे हवे. तांबे १०८५ अंशांपर्यंत घट्ट राहते.

तांबे वितळले नाही तरी बदलते. ७५० अंशांना त्याचा रोध खोलीतल्या तापमानाच्या तुलनेत जवळजवळ चौपट होतो. उच्च वारंवारितेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून सिग्नलची घट चौपटीच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे दुपटीच्या आसपास वाढते. समजा ९० मीटरच्या केबलचे २० मीटर आगीत सापडले. ते २० मीटर चाळिसासारखे वागतील, आणि केबल हिशेबाला ११० मीटरची होईल, म्हणजे १०० मीटरच्या मर्यादेच्या पलीकडची. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज जात असेल तर एकूण रोध सुमारे १.६ पट होतो आणि कॅमेरा वारंवार बंद-चालू व्हायला लागतो. म्हणून जिवाशी संबंधित तांब्याची डेटा केबल ६० मीटरच्या आत ठेवावी, असे आमचे मत आहे.

वेगाबद्दलही हट्ट सोडावा. गिगाबिटच्या (सेकंदाला १००० मेगाबिट) वेगाला चारही जोड्या शाबूत लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, आणि घोषणेच्या आवाजाला तर ६४ किलोबिटही पुष्कळ. आगीच्या वेळी गिगाबिटची ओळ एक जोडी गेल्यावर आपोआप खालच्या वेगावर येईल हे गृहीत धरू नये. बरीच उपकरणे तिथे अडकून बसतात. त्यांचे असे पोर्ट (केबल जोडण्याची जागा) पहिल्या दिवसापासून १० किंवा १०० मेगाबिटवर बांधून ठेवावेत. हेही लक्षात असू द्या की आयईसी ६०३३१-२३ मध्ये केबलवर व्होल्टेज ठेवून ती तुटते का, शॉर्ट होते का एवढेच पाहतात. डेटा वाहतो का हे ती परीक्षा सांगत नाही. उत्पादकाकडे जळत्या केबलवरून चालवलेल्या नेटवर्कचा चाचणी अहवाल मागावा. अहवाल नसेल तर त्या केबलवर फार तर घंटा सोपवावी.

याहून सोपा मार्ग म्हणजे आठ तारांची गरज नाही तिथे त्या ओढू नयेत. आगीच्या घंटेचा लूप दोन तारांवर चालतो. स्पीकरसाठी १०० व्होल्ट लाइनची जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे: दीड चौरस मिलिमीटरच्या, पीएच १२० दर्जाच्या दोन वेगळ्या केबल, ए आणि बी, आणि एकाआड एक स्पीकर त्यांच्यावर जोडलेले. ए जळली तरी मजल्यावरचे निम्मे स्पीकर बोलत राहतात. नेटवर्कच हवे असेल तर २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आयईईई ८०२.३सीजी या नेटवर्क मानकामधला एका जोडीचा १० मेगाबिट इथरनेट पाहावा. तो एका जाड जोडीवर १००० मीटरपर्यंत जातो, आणि जाड तारेवर अभ्रक नीट बसतो.

मजल्यामजल्यांना जोडणारा कणा मात्र फायबरचाच असावा. सिलिका काच या तापमानांना वितळत नाही. तिची अडचण वेगळी आहे: वरचा ॲक्रिलेटचा लेप काहीशे अंशांतच जळून जातो आणि उघडी काच इतकी ठिसूळ होते की केबल हलली किंवा पाण्याचा फवारा बसला तरी तुटते. म्हणून फायबर सैल नळीत, भोवती काचेचा धागा, त्यावर अभ्रकाची पट्टी, मग नालीदार पोलादी पत्रा आणि वर हॅलोजनमुक्त आवरण अशी रचना लागते. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या विजांच्या दिवसांत याचा आणखी एक फायदा होतो. फायबरमधून सर्ज (विजेचा अचानक झटका) पुढे जात नाही, त्यामुळे एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाचा स्विच वाचतो.

केबल कितीही चांगली घेतली तरी तिला धरणारी वस्तू आधी हरते. नायलॉनचा टाय २२० ते २६० अंशांना वितळतो. स्टीलची क्लिप स्टीलच्या स्क्रूने लावली, पण स्क्रू प्लास्टिकच्या गुट्टीत बसवला असेल, तर गुट्टी मऊ होऊन स्क्रू क्लिपसकट खाली येतो. लोंबणारी केबल ताणाने तुटते, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसांच्या अंगावर पडते. एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्सच्या आगीत खाली पडलेल्या केबलमध्ये अडकून दोन अग्निशामकांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या वायरिंगच्या नियमांत आगीत लवकर न ढासळणारे धातूचे आधार सक्तीचे झाले. आपल्याकडे धातूचे अँकर, दर ३०० मिलिमीटरला स्टीलची क्लिप आणि बाहेरच्या व्यासाच्या किमान आठ ते दहा पट वळण, एवढे टेंडरमध्ये शब्दशः लिहिले तरी मोठा फरक पडेल. कोपऱ्यात केबल काटकोनात मोडली तर आत अभ्रक तडकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

जोडाची पेटी प्लास्टिकची असेल तर दोन तासांची केबल त्या पेटीपाशी पाच मिनिटांची होते. चिनी मातीचे टर्मिनल आणि पत्र्याची पेटी लागते. शक्य तिथे जोडच नको. नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक डेटा केबल जोडणारे यंत्र, हा तर सर्वांत कच्चा दुवा. बाजारातले बहुतेक स्विच ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि ते कॉरिडॉरच्या सीलिंगवर लटकवलेले दिसतात. अशा स्विचला आगीत टिकणारी केबल जोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. स्विच, त्याचा यूपीएस आणि ॲम्प्लिफायर दोन तास आग रोखणाऱ्या भिंती-दाराच्या खोलीतच हवेत.

स्लॅबमधल्या भोकांबद्दल वेगळे लिहायला हवे. केबल ओढून झाली की ठेकेदार ते भोक पॉलियुरेथेनच्या फोमने किंवा थर्माकोलने बुजवतो, आणि हे दोन्ही जळतात. तिथे मिनरल वूल आणि त्यावर आग रोखणारा सीलंट लागतो. सहा महिन्यांनी नवे इंटरनेट घेताना कुणीतरी तेच भोक पुन्हा फोडतो आणि तसेच सोडतो. रिकामा पाइप आधीच टाकून त्याला काढता-घालता येणारे अग्निरोधक बूच बसवले तर ही फोडाफोड थांबते.

आपल्या पावसाचाही विचार करावा लागतो. अभ्रकाची पट्टी आणि काचेचा धागा ओलावा ओढून घेतात. ड्रमचे टोक उघडे ठेवून जूनमध्ये साइटवर पडलेली केबल आत काही मीटरपर्यंत ओली होते. इन्सुलेशनचा रोध घसरतो, आगीच्या घंटेच्या पॅनलवर वारंवार अर्थ फॉल्ट (वीज जमिनीत गळण्याचा दोष) दिसू लागतो, आणि कंटाळून कुणीतरी पॅनलचा आवाज बंद करून टाकतो. टोकांना हीट-श्रिंक टोपी घालणे आणि ओढण्यापूर्वी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासणे, एवढ्याने हे टळते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत उंदरांचा त्रास असेल तर केबल जीआय पाइपातून न्यावी.

बाजारातली फसवणूक वेगळीच. सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी बरीच स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. आगीत ती ६६० अंशांना संपते, आणि आग नसतानाही कॅमेऱ्याला वीज देताना तापते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. १०० मीटरच्या गुंडाळीत एका जोडीची दूरची टोके जोडून अलीकडच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा: २४ गेज शुद्ध तांब्याला १९ ओहमपेक्षा कमी भरते, मुलाम्याच्या तारेला त्याच्या दीडपट. उद्यमबागेतल्या फौंड्रींसाठी घेतलेली १८० अंशांची सिलिकॉन केबलही पुष्कळदा आगीत टिकणारी म्हणून खपवली जाते. ती भट्टीजवळची रोजची उष्णता सोसते, पण फॉर्म्युला सिरॅमिक होणाऱ्या जातीचा नसेल तर ज्वालेत तिची राख होते.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. आगीत टिकणारी डेटा केबल साध्या केबलच्या कित्येक पट महाग पडते, आणि खानापूरच्या वीस खाटांच्या रुग्णालयाला सगळे वायरिंग तसे करा म्हणणे अन्यायाचे होईल. पण बिलिंगचा संगणक, डॉक्टरांच्या केबिनमधले लॅन, प्रतीक्षागृहातला टीव्ही यांनी आगीत चालू राहण्याची गरजच नाही. त्यांना साधी हॅलोजनमुक्त केबल पुरे. घंटेचा लूप, स्पीकरच्या दोन ओळी, लिफ्टचा फोन, आयसीयूच्या दाराचे नियंत्रण आणि मजल्यांना जोडणारे फायबर, एवढ्याच वाटा महाग केबलच्या. इमारतीला एकमेकांपासून लांब दोन जिने असतील तर दोन शाफ्टमधून केबलची रिंग फिरवून, म्हणजे एक वाट तुटली तर दुसरी उरेल असे करून, हा खर्चही कमी करता येतो. गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्लीतल्या अरुंद इमारतींना बहुधा एकच जिना असतो. तिथे दुसरी वाटच नाही, म्हणून तिथे पैसा केबलवरच घालायला हवा.

मिनिटांचा आकडा ठरवताना उंचीचा निकष पुरत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये १५ मीटर आणि त्यावरच्या इमारती उंच धरल्या आहेत. बेळगावची कितीतरी रुग्णालये त्या खाली बसतात, पण त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरचा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण स्वतः उतरू शकत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. आकडा लोकांना बाहेर काढायला लागणाऱ्या वेळेवरून ठरावा. मंगल कार्यालय पूर्ण रिकामे व्हायला अर्धा तास धरला तर तिथे पीएच ३० चालेल. आयसीयू, नवजात कक्ष आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या इमारतीला, मजले कितीही असोत, पीएच १२० आणि पाण्याच्या फवाऱ्याची जोडचाचणी हवी. अथणी-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉल टाक्यांजवळ झडप बंद करणारी ओळ तर माणसे पळून गेल्यावरही चालली पाहिजे. तिथेही १२० पेक्षा कमी नको.

हे अमलात आणायला नवा कायदा लागत नाही. महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम खाते आणि आरोग्य खाते यांनी आपल्या टेंडरमध्ये ‘एफआरएलएस’च्या पुढे चार गोष्टी जोडाव्यात: केबलची परीक्षा व मिनिटे, आधारांची परीक्षा त्याच मिनिटांची, स्विच आणि ॲम्प्लिफायरच्या खोलीचा अग्निदर्जा, आणि शाफ्टच्या प्रत्येक भोकाचा सील केल्यावरचा फोटो. खासगी रुग्णालयांची नोंदणी कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना (केपीएमई) कायदा २००७ खाली होते. नूतनीकरणाच्या वेळी हीच चार कागदपत्रे मागता येतील. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ड्रमच्या नंबरशी जुळणारे प्रमाणपत्र पाहावे, एक क्लिप काढून गुट्टी धातूची आहे का बघावे, इमारतीची मुख्य वीज बंद करून एका शाफ्टमधली ओळ खोलायला सांगावी, आणि मग सर्वांत वरच्या मजल्यावर उभे राहून कन्नड आणि मराठी घोषणा दोन्ही स्पष्ट ऐकू येतात का ते स्वतः ऐकावे. या तपासणीला अर्धा दिवस पुरतो.